काकाजींचा फॉरवर्ड थांबवायचा कसा

एप्रिल २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात बेड मिळत नव्हते, मेडिकल अन् मेयो ही सरकारी हॉस्पिटलं भरलेली, लोक रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी गावभर फिरून राहिले होते, अन् नेमकं तेव्हाच व्हॉट्सॲप ग्रुपवर कापूर-लवंग-ओव्याच्या पोटलीचा मेसेज, हुंगा अन् ऑक्सिजन वाढवा. काहून मानलं लोकांनी? मूर्ख होते म्हणून नाही. सिलेंडर मिळत नव्हता अन् कापूर देवघरातच होता, हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काहीतरी करता येत होतं. त्यात कापूर हुंगला की नाकात गार लागतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, म्हणजे मेसेज खराच वाटणार ना! पण रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही, अन् हाच कापूर लहान पोरानं खाल्ला तर झटके येऊ शकतात.

म्हणून असा मेसेज आला की आधी त्यामागची भीती कोणती ते बघा. "हे खोटं आहे" असं ग्रुपवर लगेच टाकू नका, सगळ्यांसमोर तो टाकणारे काकाजी माघार घेणार नाहीत, उलट आणखी दोन फॉरवर्ड येतील. सरळ फोन लावा. "काकाजी, घरी कोणाला त्रास आहे का?" इथूनच सुरू करा, बहुतेकदा खरं कारण इथेच निघतं. मग पोटलीऐवजी काय करायचं ते सांगा, नुसतं "करू नका" म्हणून भागत नाही: ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आलं की डॉक्टर, अन् मदत येईपर्यंत पालथं झोपवणं, हे तेव्हा केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंही सांगितलं होतं.

तपासायला वेळ लागत नाही. दोन बाणांची खूण असली तर तो मेसेज निदान पाच हातांतून आलाय, तारीख नाही, डॉक्टरचं नुसतं नाव अन् हॉस्पिटल गायब, तर थांबा. तीन ग्रुपवर आला म्हणून तीन साक्षीदार होत नाहीत, मेसेज एकच असतो, पण वारंवार वाचलं की खरं वाटायला लागतं. पाळीच्या पाच दिवस आधी-नंतर लस घेऊ नका हा मेसेज असाच पसरला, १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्यांना लस सुरू होणार त्याच्या तोंडावर, अन् केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं (अफवा तपासणारा विभाग) तो खोटा म्हणून सांगितलं. किती पोरी घाबरल्या असतील, मला आजही राग येतो.

दुरुस्ती लिहिताना खरी गोष्ट पहिल्या ओळीत टाका, अफवा पुन्हा कॉपी करू नका. अन् जमलं तर ती काकाजींनाच टाकायला सांगा, ग्रुपवर त्यांचं ऐकतात.