तांब्याचं अनोळखी टोकन ओळखताना या चुका टाळा

"एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८. किती कोटींना जाईल?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की हल्ली मी उत्तर देण्याआधी वजन विचारतो. वजन कुणी केलेलं नसतं.

साल वाचून थांबणं, ही सगळ्यात मोठी चूक. मीही केली आहे. पहिलं असं टोकन हाती आलं तेव्हा १८१८ वाचून मी हरखलो. पेशवाई बुडाली तेच साल! रयतेला खूश करायला कंपनीने रामाचं नाणं पाडलं असणार, असा सिद्धांत रचून आठवडाभर मिरवला. मग दुसरं टोकन मिळालं. हनुमान तोच, साल १६१६. तेव्हा कंपनीकडे मुंबईसुद्धा नव्हती, ती मिळाली १६६८ मध्ये. सिद्धांत गेला चुलीत.

मग वजनकाटा काढला. कंपनीचा १८३५ चा खरा अर्धा आणा १२.९५ ग्रॅमच्या आसपास भरतो. माझी दोन्ही टोकनं त्याहून हलकी, आणि एकमेकांशीही जुळेनात. काहींवर 'वन आना' असतं, ते तर उघडच खोटं. १८३५ च्या कायद्याने कंपनीची तांब्याची नाणी ठरली ती अर्धा आणा, पाव आणा आणि आण्याचा बारावा भाग. एक आण्याचं नाणं आलं १९०७ मध्ये, तेही तांबं-निकेलचं, नागमोडी कडेचं. देवाची ही टोकनं नंतर कुणीतरी पूजेसाठी, ताईत म्हणून पाडलेली. देव्हाऱ्यात ठेवा, छान दिसतात.

तेव्हा क्रम असा: वजन, व्यास, कड, आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. भिंगातून पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर वस्तू बहुधा ओतीव आहे, ठशाने पाडलेली नाही.

दुसरी चूक चिंचेची. लखलखीत केलेलं तांबं बघितलं की माझं डोकं फिरतं. काळपट थराबरोबर उथळ अक्षरंही जातात, आणि ओळख पटवायला उरलेला एकमेव धागा तुम्ही मोरीत ओतलेला असतो. साध्या पाण्यात भिजवा, टिपून घ्या, बस. वाचता येत नसेल तर दिवा एका बाजूला, अगदी खाली धरा. मी फ्लॅश वापरतच नाही.

साल शालिवाहन शकातलं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. हिजरीला सरळ वजाबाकी चालत नाही, ते वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. टिपूच्या पैशावर तर १२१५ हे साल उजवीकडून लिहिलेलं, म्हणजे आपल्याला ५१२१ दिसतं. शिवाय ते हिजरी नाही, त्याने स्वतः सुरू केलेल्या मौलुदी कालगणनेतलं. हिजरी धरलंत तर १८०० येतं, आणि टिपू १७९९ मध्येच गेला.

राजाचं नाव नाही म्हणून टाकून देऊ नका. आसाम-सिल्हटच्या चहामळ्यांनी मजुरांसाठी पाडलेल्या टोकनांवर राजा नसतोच, मळ्याचं नाव किंवा नुसती आद्याक्षरं असतात.

चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे. आणि तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं असं सांगून खपवल्या जाणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याबद्दल मला फोन करू नका.