नुनावुतचा पहिला हिवाळा: नवख्यांनी या चुका टाळा

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये शिक्षक किंवा नर्स म्हणून येणारे बहुतेक जण थंडीची तयारी करून येतात, गावाची नाही. इथल्या 25 वस्त्यांना जोडणारे रस्ते नाहीत. मालाची जहाजं येतात ती फक्त उन्हाळ्यात, समुद्र मोकळा असताना. त्यानंतर सगळं विमानाने, आणि दुकानातल्या किमतीही तशाच. डाळी, मसाले, औषधं सोबत आणा.

घट्ट कपडे आणि घाम

एकावर एक इतके कपडे चढवायचे की हात वाकत नाही, ही पहिली चूक. ऊब धरते ती थरांमधली हवा. कपडे घट्ट झाले की ती हवाच उरत नाही. बुटांचंही तेच. दोन जाड मोज्यांनी पाय आवळला की बोटं आधी गारठतात. सुती बनियन तर नकोच, ते घामाने भिजतं आणि अंगावर ओलंच राहतं. आत लोकर घाला, आणि घाम फुटायच्या आत चाल कमी करा किंवा गळ्याशी चेन उघडा. पार्का (टोपीचा जाड कोट) आणि कामिक (कातडी बूट) गावातल्या शिवणाऱ्या बायकांकडून घेता आले तर घ्या. महाग वाटतील, पण घासाघीस करू नका. त्यात कष्ट फार असतात.

गारठलेली त्वचा चोळणं

नाक-कान बधिर झाले की हात आपोआप चोळायला जातो. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. घरात या आणि अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या. पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर वितळवू नका. सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपा. जागा कडक आणि बधिर लागली तर दवाखाना गाठा.

नळाला पाणी नाही

बहुतेक घरांत पाणी टँकरने येतं आणि सांडपाणीही टँकरनेच जातं. नळ कोरडा पडला की नवखा माणूस पाणी संपलं म्हणून फोन करतो. बरेचदा भरलेली असते ती सांडपाण्याची टाकी. ती भरली की घरातला पंप आपोआप बंद पडतो. आधी ती भरल्याचा दिवा लागलाय का बघा. हिमवादळात दोन्ही टँकर उभे राहतात, म्हणून वादळाचा इशारा आला की बादल्या भरून ठेवा आणि कपडे धुणं पुढे ढकला. वादळात 'जवळच तर जायचंय' म्हणून बाहेर पडू नका. शेजारचं घरही दिसेनासं होतं.

अंधारात झोपून राहणं

राजधानी इकालुइतमध्ये डिसेंबरातही चार-साडेचार तास दिवस असतो. त्याच्या उत्तरेला इग्लूलिकमध्ये मात्र नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य थेट जानेवारीच्या मध्याला दिसतो. झोपेचं वेळापत्रक मोडलं की सगळंच मोडतं. उठायची वेळ पक्की ठेवा, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, दुपारच्या उजेडात बाहेर पडा. मार्चमध्ये उलटी अडचण येते: बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे सुजतात. इथल्या मूळच्या इनुइट लोकांनी त्यासाठी फटीचे चष्मे हाडा-शिंगांतून कोरले. तुम्हाला गडद गॉगल पुरेल.

घरात कोंडून घेणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सामुदायिक सभागृहातल्या मेजवान्या, खेळ, नाचाच्या रात्री चुकवू नका. सील किंवा कॅरिबूचं (उत्तरेकडचं हरीण) मांस पुढे आलं आणि खात नसाल, तर साधं 'नको' म्हणा. तोंड वाकडं करू नका. इशारेही ओळखा: इथे नाक आक्रसणं म्हणजे 'नाही' आणि भुवया उंचावणं म्हणजे 'हो'. वर्गात प्रश्न विचारल्यावर मूल गप्प बसलंय असं वाटतं, तेव्हा त्याने भुवयांनी उत्तर दिलेलं असतं. दारूचे नियमही गावागणिक वेगळे: काही गावांत पूर्ण बंदी, काही ठिकाणी परवाना लागतो. बॅगेत बाटली टाकण्याआधी त्या गावचा नियम विचारून घ्या.