दुर्मिळ पुस्तकांच्या यादीतील नोंद कशी वाचावी

जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याची यादी हाती आली की किमतीआधी नोंदीतील शब्द पाहावेत, कारण त्यांतील बरेचसे ओळखीचे वाटले तरी या व्यवहारात त्यांचा अर्थ निराळा आणि काटेकोर असतो.

सर्वाधिक घोटाळा ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांपाशी होतो. एकदा जुळवलेल्या खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून, निघालेल्या सगळ्या प्रती ढोबळमानाने एकाच आवृत्तीच्या असतात. तोच मजकूर काही काळाने पुन्हा यंत्रावर चढवला की ते दुसरे मुद्रण होते. म्हणजे पहिल्या आवृत्तीची प्रत पाचव्या मुद्रणाचीही असू शकते, आणि संग्राहकाला बहुधा पहिलेच मुद्रण हवे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपानाच्या पाठीमागे अंकांची एक ओळ आढळते. तिच्यातील सर्वांत लहान अंक ३ असेल, तर वर ‘पहिली आवृत्ती’ असे छापलेले असूनही ती प्रत सहसा तिसऱ्या मुद्रणाची समजावी. काही प्रकाशकांची रीत मात्र वेगळी असते.

फोलिओ, क्वार्टो आणि ऑक्टेव्हो ही मुळात मापे नसून घड्यांची नावे आहेत. ताव एकदा दुमडला की २ पाने, दोनदा दुमडला की ४ आणि तीनदा दुमडला की ८ पाने, अर्थात १६ पृष्ठे मिळतात.

‘न कापलेली’ आणि ‘न उघडलेली’ या दोन प्रती एक नव्हेत. पहिलीच्या कडा बांधणी करताना छाटलेल्या नसतात, तर दुसरीत तावाच्या घड्याच अजून फोडलेल्या नसतात. (ते पुस्तक कोणीही पूर्ण वाचलेले नाही, याचा याहून भक्कम पुरावा मिळणार नाही.) अशा घड्या बोटाने कधीही फाडू नयेत.

स्थितीदर्शक शब्द एक पायरी खाली उतरवून वाचावेत, असे माझे मत आहे. ‘चांगली’ प्रत म्हणजे चांगलीच हाताळलेली, आणि ‘वाचनापुरती’ म्हणजे मजकूर शाबूत पण संग्रहमूल्य जवळजवळ नाही. ‘फॉक्सिंग’ म्हणजे कागदावरचे तांबूस ठिपके. ते थोडे असतील तर बिचकू नये.

शेवटी पाने, चित्रे आणि नकाशे मोजून प्रत पूर्ण असल्याची खात्री करावी. अर्धशीर्षकाचे पान, म्हणजे शीर्षकपानाआधीचे केवळ पुस्तकाचे नाव छापलेले पान, तर हमखास पाहावे, कारण जुने बांधणीकार ते बिनकामाचे समजून अनेकदा काढून टाकत.