जर्मनीतल्या छोट्या खेड्याचा इतिहास कसा शोधावा

जर्मनीतल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायला बसल्यावर ‘हे गाव किती जुने आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हे गाव कोणाकोणाच्या अमलाखाली होते’ हे आधी विचारावे. १८७१ पूर्वी जर्मनी हा एक देश नव्हताच. राजे, ड्यूक, बिशप, मठ आणि स्वतंत्र शहरे यांच्यात तो भूभाग वाटला गेला होता आणि प्रत्येकाचे दफ्तर निराळे होते. त्यामुळे गाव आज ज्या जिल्ह्यात मोडते, त्या जिल्ह्याच्या कचेरीत त्याचे जुने कागद सापडतीलच असे नाही. कागद सत्तेच्या मागोमाग जातात. गावातली माणसे मात्र चर्च, शाळा आणि गास्टहाउस (गावची खानावळ) जिकडे असेल तिकडे जातात, मध्ये सरहद्द असली तरी. म्हणून हे दोन माग वेगवेगळे काढावे लागतात.

हे नीट समजून घ्यायचे तर बव्हेरिया आणि थुरिंगिया या राज्यांच्या सीमेवरचे म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नास वस्तीचे खेडे पाहावे. गावाच्या मधून टानबाख नावाचा एक ओढा वाहतो. तो इतका अरुंद आहे की धडधाकट माणूस उडी मारून पलीकडे जाईल. १८१० साली या ओढ्याच्या कडेने नवे सीमादगड रोवले गेले आणि एका बाजूला बव्हेरियाचे राज्य, तर दुसऱ्या बाजूला रॉयस घराण्याचे छोटे संस्थान (आजची थुरिंगियाची बाजू) अशी हद्द पक्की झाली. तरीही गावाचा व्यवहार एकच राहिला. शाळा आणि गास्टहाउस थुरिंगियाच्या बाजूला होते, प्रार्थनेसाठी मात्र सगळे बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावी जात. एवढे कळले की शोधाची दिशा आपोआप ठरते. बव्हेरियाच्या बाजूचे सरकारी कागद बांबर्गच्या राज्य अभिलेखागारात पाहायचे, रॉयस संस्थानाचे ग्राइत्स येथील अभिलेखागारात, आणि जन्म, लग्ने व मृत्यू यांच्या नोंदींसाठी आधी ट्योपेनच्या चर्चकडे चौकशी करायची.

या नोंदींबाबत थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवखा माणूस इथेच अडतो. सबंध जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी मुख्य आधार चर्चच्या वह्यांचाच. सरकारी नोंदींपैकी जन्माच्या ११० वर्षांनी, लग्नाच्या ८० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी सर्वांसाठी खुल्या होतात. त्याआधी त्या हव्या असतील, तर नाते किंवा कायदेशीर कारण दाखवावे लागते. प्रोटेस्टंट चर्चच्या अनेक वह्या ‘आर्खिओन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, तर बऱ्याच कॅथलिक धर्मप्रांतांच्या वह्या ‘मात्रिकुला’वर विनामूल्य आहेत. मात्र वही उघडली म्हणजे वाचता येईल, या भ्रमात राहू नये. ‘कुरेंट’ हे जर्मन हस्ताक्षराचे जुने वळण आजच्या जर्मन माणसालाही सहज लागत नाही. आपल्याकडे मोडी शिकल्याशिवाय पेशव्यांच्या दफ्तराला हात घालता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. आधी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून आडनावे आणि महिन्यांची नावे ओळखण्याचा सराव करावा, आणि अलीकडच्या, तुलनेने स्वच्छ अक्षरातल्या वहीपासून मागे मागे जावे.

विसाव्या शतकाचा भाग कागदांपेक्षा माणसांकडून अधिक कळतो, आणि म्योडलारॉयटमध्ये तर तो टाळताच येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टानबाख ओढा सोव्हिएत आणि अमेरिकी ताब्यातल्या प्रदेशांमधली हद्द ठरला. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने संपूर्ण सीमेवर पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला आणि त्यातल्या ‘अविश्वासू’ ठरवलेल्या कुटुंबांना घरदार सोडायला लावून आत हलवले. गावात आधी फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तारा आणि १९६६ मध्ये सुमारे सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्या माणसाला भिंतीपलीकडच्या नातेवाइकाकडे पाहून हात हलवण्याचीही मनाई होती. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झाली, तरी इथे पायी जाण्यापुरती वाट मिळायला ९ डिसेंबर उजाडला. १७ जून १९९० रोजी भिंत पाडली गेली. तिचा एक तुकडा आणि टेहळणीचा मनोरा आज तिथल्या संग्रहालयात जागच्या जागी पाहता येतो. गाव मात्र प्रशासकीयदृष्ट्या अजूनही दुभंगलेलेच आहे: अर्धे ट्योपेनकडे, अर्धे थुरिंगियातल्या गेफेलकडे, पिनकोड दोन आणि महापौरही दोन. माझ्या मते भिंतीच्या छायाचित्रांपेक्षा हे अभ्यासण्याजोगे आहे, कारण भिंत चोवीस वर्षेही टिकली नाही, १८१० ची हद्द मात्र अजून टिकून आहे.

आजचे सामूहिक जीवन समजून घ्यायला कोणत्याही जर्मन खेड्यात आधी मंडळांची चौकशी करावी. तिथे ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत मंडळ स्थापायला किमान सात सभासद लागतात, आणि लहानशा गावातही गायन, नेमबाजी, फुटबॉल किंवा बागकाम यांपैकी काही ना काही मंडळ बहुधा असतेच. स्वयंसेवी अग्निशमन दल हे तर अनेक गावांचा कणा असते. पगारी दले मोठ्या शहरांपुरती असल्यामुळे खेड्यात आग विझवायला शेजारीच धावतात, आणि मे महिन्याच्या सणाचा सजवलेला खांब उभारण्यापासून गावजत्रेतल्या बिअरपर्यंतची व्यवस्थाही बऱ्याचदा त्यांच्याकडेच असते. अशी मंडळे पन्नास किंवा शंभर वर्षे झाली की स्मरणिका काढतात. तिच्यात जुनी छायाचित्रे, पदाधिकाऱ्यांच्या याद्या आणि पुराच्या वा आगीच्या हकिगती असतात, ज्या अभिलेखागारात शोधून मिळायच्या नाहीत. स्मरणिकेत १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीच्या काळाला दोनच ओळी दिलेल्या असल्या, तर तेही टिपून ठेवावे आणि त्या वर्षांसाठी दुसरी साधने पाहावीत.

दफनभूमीवर फार विसंबू नये. जर्मनीत कबरीची जागा सहसा वीस-तीस वर्षांच्या कराराने मिळते आणि मुदत वाढवली नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला दिली जाते. त्यामुळे दोनशे वर्षांच्या गावातही शिळा गेल्या दोन पिढ्यांच्याच दिसतात. युद्धस्मारकावरची नावे मात्र टिकतात. एकाच आडनावाचे तीन-चार जण आढळले, की गावातली जुनी घराणी कोणती याचा अंदाज येतो. लाकडी चौकटीच्या घरांवर दाराच्या तुळईत बांधणाऱ्या जोडप्याचे नाव आणि साल बऱ्याचदा कोरलेले असते, तेही पाहावे.

वृद्धांना भेटायचे असल्यास आधी पत्र किंवा फोन करून वेळ ठरवावी, आदरार्थी ‘झी’ (म्हणजे ‘आपण’) वापरावे आणि पहिल्याच भेटीत ध्वनिमुद्रण सुरू करू नये. सीमेवरच्या गावांत ‘पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा खबऱ्या कोण होता’ हा विषय आपण होऊन काढू नये. कोणाला बोलायचे असेल तर तो स्वतःहून बोलेल. लेखन पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत ज्या अभिलेखागाराचे कागद वापरले त्याला पाठवावी, अनेक ठिकाणी ती अटच असते, आणि दुसरी प्रत गावच्या कार्यालयात द्यावी.