सीपीयू मोकळा, तरी लोड ८?
टॉप कमांडमध्ये सीपीयू ९९ टक्के रिकामा आणि लोड ॲव्हरेज (चालू किंवा खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) मात्र ८, असं दिसलं तर सीपीयूच्या मागे लागू नका. लिनक्स लोड मोजताना डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमची वाट बघत अडकलेल्या, म्हणजे ‘डी’ स्थितीतल्या प्रोसेसही धरतो. पीएस कमांडच्या यादीत स्टॅटचा, म्हणजे प्रोसेसच्या स्थितीचा, रकाना आधी बघा. माझ्या सर्व्हरवर तिथे ओळीने आठ डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) सापडले, सगळे मेलेल्या एनएफएस माउंटपाशी (दुसऱ्या सर्व्हरवरून नेटवर्कने जोडलेल्या फोल्डरपाशी) थबकलेले! क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी आणखी एक डीएफ सोडत होता, म्हणून लोड एकेकाने चढत होता. माउंट सोडवला, लोड उतरला. क्रॉनमधल्या डीएफला आता ‘-एल’ लावलंय; तो फक्त स्थानिक डिस्क बघतो.