नवं घर बुक करताय? काउंटरटॉपच्या आधी खिडक्यांचं विचारा

कॅनडात टोरंटोजवळच्या मिल्टन, ब्रॅम्प्टन, ऑकव्हिलकडे नवं घर बुक केलेली आपली मंडळी भेटली की गप्पा ठरलेल्या असतात: क्वार्ट्झ काउंटरटॉप, लाकडी हार्डवूड फरशी, छतात बसवलेले पॉट लाइट्स. बिल्डरच्या डेकोर सेंटरमध्ये बायका-पुरुष मिळून नळाच्या रंगावर तासभर वाद घालतात आणि खिडक्यांचा विषयही निघत नाही. यात नवल नाही. पुण्या-ठाण्यात खिडकी म्हणजे थ्री-ट्रॅक ॲल्युमिनियम स्लायडिंग, डासांची जाळी आणि बाहेरून ग्रिल. वारा खेळता राहिला की झालं. इथे सहा महिने वारा बाहेरच अडवायचा असतो. काउंटरटॉप नंतर कधीही बदलता येतो. अख्ख्या घराच्या खिडक्या बदलायच्या म्हणजे चांगली मोटार घेण्याइतका खर्च.

आधी एक गैरसमज काढून टाकू. चांगल्या खिडक्यांनी गॅसचं बिल अर्ध्यावर येतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात बहुतेक घरं नॅचरल गॅसवर तापतात, तो त्यामानाने स्वस्त आहे. बिलातला फरक दिसतो, पण त्यातून वाढीव पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातात. खरा फायदा जानेवारीत कळतो, खिडकीजवळच्या सोफ्यावर शाल न घेता बसता आलं की.

हिशेब करून बघा. बाहेर उणे २०, आत २१ अंश. जुन्या पद्धतीच्या एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्या खाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो. साध्या दुहेरी काचेची आतली बाजू साधारण ६ अंशांवर येते. लो-ई लेप आणि मध्ये आर्गॉन वायू असलेल्या दुहेरी काचेची १२-१३ पर्यंत राहते, तिहेरीची १५-१६. थर्मोस्टॅट चारही घरांत २१ च दाखवतो, पण थंड काचेशेजारी अंगातली ऊब तिकडे जाते आणि काचेवरून घसरलेली गार हवा पायाशी वाहते. मग आपण थर्मोस्टॅट २३ वर नेतो आणि गॅसवाल्यांना शिव्या देतो.

लो-ई म्हणजे काचेवर चढवलेला धातूचा, बहुधा चांदीचा, अतिशय पातळ थर. प्रकाश आत येतो, घरातली ऊब परत फिरते. तो आहे की नाही हे घरबसल्या ओळखता येतं. रात्री फोनचा टॉर्च काचेसमोर तिरका धरा. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर लेप आहे. चारही सारखीच दिसली तर काच साधी.

बिल्डरला तीन गोष्टी विचारा. यू-फॅक्टर, म्हणजे खिडकीतून उष्णता निसटण्याचा वेग, किती (जितका कमी तितका चांगला), ईआर, म्हणजे एनर्जी रेटिंग, किती (जितका जास्त तितका चांगला) आणि खिडकीला एनर्जी स्टार, म्हणजे ऊर्जाबचतीचा शिक्का, आहे का. कॅनडात २०२० पासून त्या शिक्क्यासाठी यू-फॅक्टर जास्तीत जास्त १.२२ किंवा ईआर कमीत कमी ३४ लागतो. नव्या काचेवर हे आकडे असलेलं स्टिकर असतं. काढण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो घ्या. सरकवण्याच्या खिडकीपेक्षा हँडल फिरवून बाहेर उघडणारी केसमेंट घट्ट बसते, कारण बंद करताना तिचं रबर दाबलं जातं. जिथे निवड आहे तिथे केसमेंटच घ्या.

सगळीकडे तिहेरी काच घेण्याची गरज नाही, हे माझं मत. उत्तरेकडच्या बेडरूमला आणि ४०१ किंवा ४०७ हायवेचा आवाज येतो त्या बाजूला घ्या, बाकी दुहेरी लो-ई पुरते. दक्षिणेच्या खिडक्यांतून हिवाळ्यात खाली आलेलं ऊन आत येतं, ते हवंच असतं. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या मात्र जुलैत संध्याकाळी घराची भट्टी करतात. तिथे सूर्याची उष्णता कमी आत सोडणारी काच मागा. आणि कितीही भारी खिडकी घेतलीत तरी ती शेजारच्या भिंतीपेक्षा बरीच जास्त उष्णता घालवते, म्हणून नुसत्या काचेचा हॉल बघून भुलू नका.

आता सगळ्यात जास्त फोन ज्यावर येतात तो विषय: काचेवरचं पाणी. ऑक्टोबरच्या सकाळी काचेच्या बाहेरच्या अंगाला दव दिसलं तर खूश व्हा. घरातली ऊब बाहेर पोचत नाहीये. दोन काचांच्या मध्ये धुकं दिसलं तर सील गेलं, ते पुसून जात नाही, काच बदलावी लागते. आतल्या बाजूला खालच्या कडेवर पाण्याची रेघ आणि चौकटीत डबकं साचलं तर आधी स्वयंपाकघराकडे बघा. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मोठ्या पातेल्यात उकळणारी डाळ, बेसमेंटमध्ये स्टँडवर वाळत घातलेले कपडे, त्यात बाळासाठी लावलेला ह्युमिडिफायर. २१ अंशांच्या घरात आर्द्रता ४० टक्के असेल तर ७ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि काचेची कड मधल्या भागापेक्षा नेहमीच गार असते. पाणी तसंच राहिलं की महिन्याभरात चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी.

उपाय साधे आहेत. फोडणीच्या आधी चिमणी सुरू करा, आणि ती हवा खरंच बाहेर टाकते की गाळून परत घरातच सोडते हे तपासा. नव्या घरात एचआरव्ही (आतली ऊब राखून हवा बदलणारं यंत्र) असतो, तो आवाज करतो म्हणून बंद ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक पुरतो. हिवाळ्यात आतल्या जाळ्या काढून ठेवा, दिवसा पडदे उघडे ठेवा. खिडकीखालचा हीटिंग व्हेंट सोफ्याने झाकू नका, तो तिथे काच गरम राहावी म्हणूनच दिलेला असतो.

ताब्याआधीच्या पाहणीला, म्हणजे पीडीआयला, प्रत्येक खिडकी उघडून, लावून, लॉक करून बघा. काचेवरचा ओरखडा तेव्हाच लिहून घ्या. नंतर तो तुमच्याच माथी मारला जातो. राहायला गेल्यावर वाऱ्याच्या दिवशी पडदा बाजूला बांधून चौकटीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर एकदम आडवा झाला की तिथून हवा येते. ऑन्टारिओतल्या नव्या घरांची वॉरंटी सांभाळणाऱ्या टॅरिअन या संस्थेच्या वॉरंटीत सदोष कामाला १ वर्ष, पाणी आत झिरपण्याला २ वर्षं आणि मोठ्या बांधकाम-दोषाला ७ वर्षं मिळतात. तक्रार लेखी आणि मुदतीत हवी. व्हॉट्सॲपवर साइट सुपरवायझरला कळवलं होतं, हे चालत नाही.

अजून भाड्याच्या घरात असाल तर हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला लावायचं प्लास्टिक फिल्मचं किट मिळतं. चौकटीला चिकटवायचं आणि हेअर ड्रायरने ताणून घ्यायचं. दिसतं यथातथाच, काम करतं.

शेवटचं, दारावर येणाऱ्यांबद्दल. घर जरा जुनं झालं की गळ्यात ओळखपत्र अडकवलेली गोड बोलणारी पोरं ‘तुमच्या भागात खिडक्यांची योजना आली आहे’ म्हणत येतात. ऑन्टारिओत मार्च २०१८ पासून फर्नेस, एसी, वॉटर हीटर वगैरेंचे करार दारात येऊन करायला बंदी आहे, पण खिडक्या त्या यादीत नाहीत. त्यामुळे ते येतच राहणार. दारात सही करू नका. भिडेपोटी केलीच, तर घरात केलेला असा करार १० दिवसांत रद्द करता येतो. पत्र लिहून कळवा आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा.