शेळ्यांतला पीपीआर पकडताना या चुका टाळा

बकरी ईद होऊन दोनेक आठवडे झाले की गोवंडी, मानखुर्द, आरेतले पाडे, सगळीकडून फोन सुरू होतात. "मॅडम, तीन मेल्या." मी विचारते, "एकूण होत्या किती?" पलीकडे शांतता. पहिली कधी आजारी पडली, करडं किती, मोठ्या किती, बाहेरून नवीन जनावर आलं होतं का, यातलं काहीच कुणी लिहिलेलं नसतं. मेलेल्यांचा आकडा तेवढा सगळ्यांना पाठ. पण तीनातल्या तीन मेल्या की साठातल्या तीन, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचं मी काय करू?

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. गाई-बैलांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, त्याच कुळातल्या विषाणूचा हा रोग. भारतात तो पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूत सापडला आणि २०३० पर्यंत तो जगातून हद्दपार करायचं उद्दिष्ट आहे. माणसाला तो होत नाही. विषाणूवर औषध नाही. इंजेक्शनं आणि सलाईन देतो ती नंतर जडणाऱ्या न्यूमोनियासाठी आणि हगवणीने सुकलेल्या अंगासाठी. म्हणून लवकर ओळखणं, वेगळं बांधणं आणि बाकीच्यांना लस, एवढंच आपल्या हातात असतं. आणि नेमकं लवकर ओळखण्यातच माणसं घाई तरी करतात, नाहीतर आळस.

हगवण लागेपर्यंत थांबणं

संसर्ग झाल्यापासून साधारण चार ते सहा दिवसांत ताप येतो. मग नाकाडोळ्यांतून पाणी, ते पुढे घट्ट आणि पिवळं होतं, डोळे चिपडांनी चिकटतात. तोंडात हिरड्यांवर, खालच्या ओठाच्या आत, जिभेवर कोंडा चिकटल्यासारखा पांढरट थर येतो. हगवण त्यानंतरची. आपल्याकडे फोन येतो तो हगवणीच्या दिवशी. तोवर ती शेळी दोन-तीन दिवस शेजारणींच्या तोंडावर शिंकत असते, एकाच बादलीत तोंड घालत असते.

त्यामुळे माझा आग्रह थर्मामीटरचा. साधा डिजिटल चालतो, मेडिकलमध्ये मिळतो. निरोगी शेळीचं अंग १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं, पीपीआरमध्ये १०४ ते १०६ पर्यंत जातं. मोजायचं ते सकाळी, सोडायच्या आधी, सावलीत. ऑक्टोबरात भर दुपारी पत्र्याखाली बांधलेली धडधाकट शेळीसुद्धा १०४ दाखवते आणि मग नवीन पोरं घाबरून सगळ्या पाड्याला उठवतात. थर्मामीटरचं टोक गुदद्वाराच्या आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, लेंड्यांत खुपसलं तर आकडा कमी येतो. एकीकडून दुसरीकडे जाताना साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा.

रोज सगळ्यांचा ताप बघायची गरज नाही. सकाळी दार उघडल्यावर कोण शेवटी उठते, कोण पाल्याकडे धावत नाही, कुणाचं नाक ओलं आहे, हे उभं राहून बघा आणि त्यांना थर्मामीटर लावा. चौकटीची वही ठेवा. आरेतल्या एका पशुसखी (जनावरांची प्राथमिक काळजी घ्यायला शिकलेल्या) ताईंच्या वहीत शेळ्यांची नावंच आहेत: काळी, शिंगतुटकी, मोरी, मोरीची पाट (तरुण शेळी). प्रत्येकीपुढे तारीख, ताप, नाक, डोळे, लेंडी. ती वही मला कुठल्याही मोबाईल ॲपपेक्षा जास्त सांगते. ॲप वाईट नाही, पण ज्याला वही भरायचा कंटाळा आहे तो ॲपही आठवडाभरच भरतो.

वाटेल तेव्हा, वाटेल तसा स्वॉब (काडीवर स्रावाचा नमुना) घेणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती मी वाढलेल्या साथीच्या रूपात बघितली आहे.

एका पाड्यावर आठ-दहा घरांत शेळ्या. एका घरात दोन मेल्या. नुकतंच प्रशिक्षण घेतलेला एक हुशार मुलगा तिथे पोचला आणि जी शेळी अंगणात उभी होती तिचाच नमुना घेऊन मोकळा झाला. ती आजारी पडून आठवडा उलटला होता, तोंडातले व्रण भरत आले होते, ती खायलाही लागली होती. कान साफ करायच्या बड्सनी नाकातला स्राव घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवी बाईकच्या डिकीत. शुक्रवारची संध्याकाळ. शनिवार-रविवार ती पिशवी घरातल्या कपाटात. सोमवारी नमुना पोचला, पुढे रिपोर्ट आला: निगेटिव्ह. त्याने आनंदाने ग्रुपवर टाकलं, "पीपीआर नाही, कुणी घाबरू नका."

तिथल्या एका मावशींनी आपल्या दोन गाभण शेळ्या स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी वेगळ्या बांधल्या होत्या. मेसेज ऐकून त्यांनी त्या परत कळपात सोडल्या. दुसऱ्या एकीने लेकीच्या सासरी पाट पाठवली, वेगळ्या पाड्यावर. पंधरवड्याच्या आत दोन्हीकडे ताप सुरू झाला. मावशींच्या दोघींनी करडं टाकली, त्यातली एक गेलीच. त्यानंतर ताज्या तापाच्या शेळ्यांचे नमुने घेतले, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवले, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "कागदावर नाही म्हणून लिहिलं होतं ना?"

निगेटिव्हचा अर्थ फक्त इतकाच, की त्या काडीवर विषाणू सापडला नाही. पाड्यावर रोग नाही, असं ते पत्र म्हणतच नाही.

नमुना घ्यायचा तो कालपरवा ताप चढलेल्या, नाकडोळे पाण्यासारखे वाहणाऱ्या, अजून हगवण न लागलेल्या शेळीचा. एकीचा नको, निदान पाच-सहा जणींचा घ्या. दोन्ही नाकपुड्या आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतून, प्रयोगशाळेने दिलेल्या सिंथेटिक काडीने, त्यांनी दिलेल्या द्रवाच्या नळीत. नाव-तारीख नळीवर लिहा, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या. या तपासणीसाठी फॉर्मेलिनमध्ये काही बुडवू नका. आणि निघायच्या आधी फोन करून नमुना कधी घेतील ते विचारा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून मुंबईत आहे, राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. विचारायला जागा नाही अशी स्थिती नाही. आपल्याला विचारायचा धीर नसतो.

लसीची तारीख न लिहिता रक्त घेणं

आपल्याकडची लस जिवंत, पण सौम्य केलेल्या विषाणूची आहे. एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. पण रक्तातल्या प्रतिपिंडांची (विषाणूशी लढायला शरीर बनवतं त्या घटकांची) जी नेहमीची तपासणी असते, तिच्यातून प्रतिपिंडं लसीमुळे आली की रोगामुळे, हे कळत नाही. लहान करडांत तर आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंही दिसतात, म्हणून लसही तीन-चार महिन्यांच्या पुढेच टोचतात. रक्ताच्या नळीबरोबर लस कधी दिली आणि वय किती, हे नसेल तर ती शेळी उगाच टोचली असं समजा. कुणालाच आठवत नसेल तर तसंच लिहा. अंदाजाने तारीख टाकू नका.

लस बाटलीत मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवायची, तीही बर्फावर ठेवून. खिशातल्या लसीने टोचून "लस देऊनही मेली" म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला बाटलीबद्दल विचारावंच लागतं.

नवा बोकड थेट कळपात

ईदच्या आधी देवनारच्या बाजारात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातहून ट्रक येतात. लांबचा प्रवास, दाटी, नवं पाणी, अनेक राज्यांची जनावरं एका पत्र्याखाली. तिथून आणलेला बोकड चाळीत चार दिवस घरच्या शेळ्यांबरोबर एकाच बादलीत पाणी पितो. ईद होऊन जाते, शेळ्या उरतात, आणि ताप त्यांना चढतो. उरलेला माल स्वस्तात मिळतो म्हणून ईदनंतर घेणारेही असतात. स्वस्त बोकडाच्या नादात घरचं करडू घालवू नका.

नवं जनावर एकवीस दिवस वेगळं. मुंबईत जागा नाही हे मला मान्य आहे. मग गच्चीवर बांधा, ज्यांच्याकडे शेळ्या नाहीत अशा शेजाऱ्याच्या दारात बांधा. त्याची बादली वेगळी, पाला वेगळा, आणि त्याच्याकडे जायचं ते आपल्या शेळ्यांचं सगळं उरकल्यावर. आजारी शेळीकडून निरोग्यांकडे त्याच चपलांनी, त्याच हातांनी येणं ही तर रोज दिसणारी चूक.

बाकीच्या

ओठावर खपली दिसली की पीपीआर म्हणू नका. मावा (तोंडाभोवती खपल्या आणणारा वेगळा रोग) असेल तर खपल्या ओठांच्या बाहेर आणि कोपऱ्यांत असतात, जनावर बहुधा खातं, हगवण नसते. पण पीपीआरच्या शेवटीही तोंडाभोवती गाठी येतात, म्हणून आतून तोंड बघाच. मावा माणसाच्या हाताला होतो, हातमोजे घाला.

अंधाऱ्या गोठ्यातून तोंडाचा धूसर फोटो पाठवून "काय आहे हे?" विचारू नका. उजेडात आणा, ओठ मागे ओढा, मग काढा.

ताप असलेल्या कळपाला घाईने लस टोचून वाचवू बघणं बरोबर नाही. लस भोवतालच्या निरोग्यांसाठी.

प्रत्येक शेळीला नवी सुई. यावर मी वाद घालत नाही.

मेलेली शेळी नाल्यात, खाडीत टाकू नका. खोल खड्डा आणि चुना, नाहीतर पालिकेला कळवा.

संशय आला की १९६२ या हेल्पलाइन नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात पीपीआर आहे, कळवणं मालकाचं काम आहे. भाव पडेल म्हणून गुपचूप विकणारे ती शेळी विकत घेणाऱ्याच्या दारात रोग नेऊन ठेवतात. बरी झालेली शेळीही लगेच बाजारात नेऊ नका, तिच्या लेंड्यांतून विषाणूचे अंश पुढे बरेच दिवस सापडतात.